आण्णांचा बहिरी ससाणा

माझे वडील यशवंत तळेकर सोलापुरात कापडगिरणीत मागावर होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. मूळचे केम गावचे. घरची जमीन कोरडवाहू आणि भाऊ चार, म्हणून सतराव्या वर्षी रेल्वेत बसून सोलापूरला आले आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. पुढे कायम झाले. त्यांच्याकडे चार माग आले. पंचवीस वर्षं त्यांनी त्या मागांचा खडखडाट ऐकला आणि मग हळूहळू त्यांना काहीच ऐकू येईनासं झालं.

आधी सायकलची घंटी गेली. मग दाराची कडी गेली. मग आईची हाक. गिरणीचा भोंगा तेवढा कळायचा, पण तो कानात नव्हे, छातीत वाजतो, असं ते म्हणायचे. गिरणीत याचं कुणाला नवल नव्हतं. मागखात्यात निम्मी माणसं तशीच होती. तिथं एकमेकांशी बोलायचं ते ओठांनी आणि हातांनी. आवाज काढून उपयोगच नसतो. वीस हात लांबच्या माणसाचे ओठ बघून हे लोक त्याच्या घरी काय भाजी झाली तेसुद्धा सांगायचे. ती गिरणीची बोली मी घरात लहानपणीच शिकले. आई, म्हणजे केसरबाई, ती मात्र कधी शिकली नाही. ती कामात पाठमोरी राहून ओरडून बोलायची, आण्णांना ते कळायचं नाही आणि मग दोघंही गप्प व्हायचे.

त्या दोन-तीन वर्षांत आण्णा घरात असून नसल्यासारखे झाले होते. पाळी संपली की यायचे, हातपाय धुवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. शेजारीपाजारी हसले की त्यांना वाटायचं, आपल्यालाच हसले. आई म्हणायची, "माणूस घरात हाय, पर घरात न्हाय."

पंच्याहत्तर सालच्या हिवाळ्यात एक दिवस ते दुपारच्या सुट्टीत गिरणीच्या आवारात लिंबाखाली डबा खात बसले होते. भाकरीवर वरून एक पीस येऊन पडलं. मग दुसरं. मग चांगली पाच-सहा राखी पिसं तरंगत खाली आली. त्यांनी वर बघितलं. पाण्याच्या उंच टाकीच्या कठड्यावर एक पक्षी कबुतर सोलत बसला होता. रुंद खांदे, काळं डोकं, गालावर मिशीसारखा काळा पट्टा. आण्णा जेवण विसरून बघत राहिले. सुट्टी संपली तेव्हा भाकरी तशीच होती.

त्या दिवसापासून आण्णा बदलले. पक्षी कधी टाकीवर बसायचा, कधी गिरणीच्या धुराड्यावर. आण्णा पाळीच्या आधी अर्धा तास जाऊन लिंबाखाली उभे राहायला लागले. घरी आले की मला हातांनी सांगायचे, आज कसा आला, कुठल्या बाजूनं कबुतरांत शिरला, किती वेळ बसला. सुट्टीच्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडायचं बंद झालं. सकाळी एसटीनं नान्नजच्या माळावर जायचे ते संध्याकाळी यायचे. हातात पुस्तक नाही, दुर्बीण नाही. पक्ष्यांना नावं त्यांनीच ठेवलेली. हवेत एका जागी पंख फडफडवत उभा राहणारा तांबूस छोटा ससाणा, त्याचं नाव 'उभ्या'.

मी तेव्हा कॉलेजात बी.एस्सी.ला होते. प्राणिशास्त्राला आम्हाला रावसाहेब करंडे सर होते. एकदा मी त्यांना धुराड्यावरच्या पक्ष्याबद्दल सांगितलं. सर म्हणाले, "घार असेल. नाहीतर शिक्रा." मी ते घरी येऊन आण्णांना सांगितलं. आण्णांना राग आला. त्यांनी बनियनच्या खिशातून पुडी काढली. आत टाकीखाली सापडलेलं, कागदात जपून ठेवलेलं एक लांब, टोकदार, करड्या पट्ट्यांचं पीस होतं. "हे दाव तुज्या सरास्नी," ते म्हणाले. ते बोलायचे तेव्हा फार मोठ्यानं बोलायचे, आळीला ऐकू जायचं.

सरांनी ते पीस खिडकीपाशी नेऊन खूप वेळ बघितलं. मग मला म्हणाले, "तुझ्या वडिलांना विचार, रविवारी ते मला माळावर नेतील का?"

अठ्ठ्याहत्तर सालचा फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता तो. आईनं पहाटे उठून ज्वारीच्या भाकरी, शेंगाची चटणी आणि पिठलं बांधून दिलं. तिला हा सगळा प्रकार पसंत नव्हता. "कालेजातलं सर येत्यात आन् तुमी त्येंला माळाचं धोंडं दावायला निगालाय," ती म्हणाली. आण्णांनी ओठ बघितले आणि हसले. सरांबरोबर जायचं म्हणून त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा काढला होता. मी सांगितलं, पांढरं लांबून दिसतं. तेव्हा नाइलाजानं त्यांनी रोजचा खाकी सदरा घातला.

वैरागच्या पहिल्या एसटीनं आम्ही नान्नजला उतरलो तेव्हा थंडी होती. सरांच्या गळ्यात दुर्बीण, खांद्याला शबनम, हातात वही. रस्ता सोडून आम्ही माळाला लागलो. नान्नजचा माळ म्हणजे बघणाऱ्याला काही नाहीच. गुडघ्यापर्यंत वाळलेलं पिवळं गवत, मुरूम, मधे मधे एखादी बोर, एखादं बाभळीचं झाड, आणि लांबवर ज्वारीची रानं. सर चौफेर दुर्बीण फिरवत होते. आण्णांचं तसं नव्हतं. ते थांबायचे, डोळे बारीक करायचे आणि बोट दाखवायचे. बोटाच्या रोखानं बघावं तर गवताच्या रंगाचं गवतच दिसायचं. थोड्या वेळानं त्या गवताला मान फुटायची आणि काळविटाची मादी उभी राहायची. एकदा बोट केलं तिथं खोकड होतं, शेपटी गुंडाळून उन्हाला झोपलेलं.

सरांनी मला विचारलं, "यांना इतकं लांबचं कसं दिसतं?"

मी विचारून सांगितलं. आण्णा म्हणाले, "मागावर दोन-अडीच हजार धागं पळत असत्यात, सर. त्यातला एक तुटला तर दिसाय लागतो. न्हायतर सगळा तागा वाया." आवाज इतका मोठा की समोरच्या बोरीतून तित्तिरांची जोडी फडफडत उठली. मी तळवा खाली करून खूण केली. आण्णांनी जीभ चावली आणि त्यानंतर ते हातांनीच बोलू लागले. मी सरांना सांगत होते.

माळाच्या मध्ये पावसाचं पाणी साठलेलं एक पाझर तळं होतं. तेव्हा त्यात कमरेएवढं पाणी उरलं असेल. आण्णांनी आम्हाला तळ्यापासून बऱ्याच अंतरावर एका बाभळीच्या बुंध्याशी बसवलं. मग त्यांनी सरांचं मनगट धरून घड्याळात नऊच्या आकड्यावर बोट ठेवलं. म्हणजे नऊला काहीतरी होणार. तिथं आम्हाला बिरप्पा धनगर भेटला. त्याची मेंढरं तळ्याच्या पलीकडं चरत होती. तो आण्णांना ओळखत होता. जवळ येऊन टेकला आणि तंबाखू मळत म्हणाला, "ह्ये बाबा दर आठवड्याला येत्यात की. मला आदी वाटलं, सरकारी मोजणीचं हायत. मग कळलं, नुसतं बगत बसत्यात." सरांनी त्याला लांडग्यांबद्दल विचारलं. बिरप्पानं परवाच एक कोकरू गेल्याचं सांगितलं, पण तक्रारीच्या सुरात नाही. "त्येलाबी पिल्लं असत्यात," म्हणाला आणि उठून मेंढरांकडे गेला.

नवाला पाच-दहा मिनिटं असताना मला आभाळात आवाज ऐकू आला. घोगरा, दुहेरी, लांबून येणारा. मी आण्णांच्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि आवाजाच्या दिशेला बोट केलं. आमचं ते ठरलेलं होतं. ऐकायचं मी, बघायचं त्यांनी. पखुर्ड्या आल्या. आधी सहा, मग वीस, मग मोजता येऊ नयेत इतक्या. कबुतराएवढे, मातकट, टोकदार शेपटीचे पक्षी. तळ्याभोवती एक घिरटी घालून त्या काठावर उतरायच्या, आठ-दहा घोट प्यायच्या आणि उडायच्या.

आण्णा मात्र पखुर्ड्यांकडे बघतच नव्हते. ते आमच्या उजव्या हाताला, दीड-दोनशे पावलांवरच्या एका उंच धोंड्याकडे बघत होते. त्यांनी सरांच्या दुर्बिणीचं तोंड हातानं धरून तिकडे वळवलं.

सर कुजबुजले, "ससाणा."

तो कधी येऊन बसला ते मला कळलं नव्हतं. त्यानं मान दोनदा वरखाली केली आणि तो उडाला, पण वर नाही, गवताला घासून. तळ्यापाशी येऊन एकदम उसळला. सगळ्या पखुर्ड्या एकाच वेळी उठल्या. त्या पंखांचा आवाज असा झाला जसं कुणी मोठं तरट टराटरा फाडावं. ससाणा त्यांच्यात शिरला, एकीच्या मागं लागला, ती एका बाजूला कलली आणि तो पुढे निघून गेला. चुकला. पुन्हा प्रयत्न न करता तो परत धोंड्यावर जाऊन बसला आणि पंख सारखे करू लागला. आण्णा खुदकन हसले.

सर दुर्बिणीतून बघत वहीत लिहीत होते. मला म्हणाले, "लग्गड ससाणा आहे की बहिरी, कळत नाही. रंग तपकिरी दिसतोय."

'बहिरी' म्हणताना ते थबकले. आण्णा त्यांच्या ओठांकडेच बघत होते. सरांचा चेहरा उतरला. ते घाईघाईनं मला म्हणाले, "अगं, त्या ससाण्याचं नावच तसं आहे. त्यांना सांग, बहिरी ससाणा. पुस्तकात तसंच आहे."

मी सांगितलं. आण्णांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग माळावर गप्प बसायचं विसरून मोठ्यानं हसले. "म्हंजी माज्या नात्यातलीच हाय की!"

सर आधी संकोचले आणि मग तेही हसले. त्यानंतर त्यांच्यातलं अवघडलेपण गेलं. सरांनी स्वतःच्या गळ्यातली दुर्बीण काढून आण्णांच्या गळ्यात घातली. आण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा दुर्बीण डोळ्याला लावली. बराच वेळ ते हललेच नाहीत. मग दुर्बीण खाली घेऊन म्हणाले, या वेळी हळू, जवळजवळ ओठांतल्या ओठांत, "सर, ही पोर हाय. अजून मोठी झाली न्हाय."

"कशावरून?"

"छाती बगा. ताणा हाय."

सरांना कळलं नाही. मी समजावून सांगितलं. मागावर उभे धागे असतात तो ताणा, आडवे धागे भरतात तो बाणा. आण्णांचं म्हणणं, या पक्ष्याच्या छातीवरच्या रेघा उभ्या आहेत. गिरणीच्या टाकीवर पंच्याहत्तरच्या हिवाळ्यात जो पक्षी आला त्याची छातीही अशीच ताण्याची होती आणि पाठ तपकिरी. पुढच्या हिवाळ्यात त्याच टाकीवर, त्याच कठड्यावर पक्षी आला तो पाठीनं निळसर राखी आणि छातीला बाणा. आडव्या बारीक रेघा, जणू जुना ताणा उसवून नवं कापड विणलं.

"पण तोच पक्षी कशावरून?" सरांनी विचारलं. "दुसराही असू शकेल."

आण्णांनी मान हलवली. "ते मी छातीला हात लावून सांगू शकत न्हाय, सर. जागा तीच, येळ तीच. कबुतर खायची रीतबी तीच, आदी मुंडी खाली टाकतो. पर तोच हाय आसं म्या कसं म्हणू?"

सरांनी वही मांडीवर ठेवली. ते म्हणाले, "शालन, तुझ्या वडिलांनी सांगितलं ते बहिरी ससाण्याबद्दल अगदी बरोबर आहे. पिल्लाला उभ्या रेघा, मोठ्याला आडव्या. मी ते पुस्तकात वाचलंय. वर्गात शिकवलंय. पण बघितलं आज." मी हे आण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली. पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

दुपारी बिरप्पानं हरभऱ्याचे डहाळे आणले. वाळलेल्या काटक्यांवर ते भाजून आम्ही गरम हुळा खाल्ला, भाकरी खाल्ली. उन्हं तापली होती. सर बाभळीच्या सावलीला आडवे झाले. आण्णा मात्र तळ्याच्या खालच्या बाजूला एका जुन्या बांधाकडे गेले. तिथं त्यांना सकाळी माळढोक दिसला होता. माणसाच्या कमरेएवढा उंच, पांढऱ्या मानेचा, डोक्यावर काळी टोपी असलेला नर. मला बांधापलीकडच्या गवतात त्याची मान तेवढी अधूनमधून दिसत होती. आण्णा बांधाच्या अलीकडे बसून होते.

मग ते एकदम वळले आणि लांबून मला हातांनी म्हणाले, "गाडी."

मी कान दिले. काही ऐकू आलं नाही. पण उत्तरेला धुळीचा एक लहानसा भोवरा दिसत होता. त्यानंतर केव्हातरी मला इंजिनाचा आवाज आला. एक जीप बैलगाडीच्या वाटेनं येत होती. वाट सोडून ती सरळ गवतात घुसली आणि बांधापासून शंभर-दीडशे पावलांवर थांबली. आत तिघं होते. एकजण उतरला, त्यानं बंदूक बॉनेटवर टेकवली. नळी माळढोकाच्या दिशेला होती.

मी सरांना हलवून उठवलं. आम्ही दोघं पळायला लागलो. पण अंतर खूप होतं आणि माझ्या पायात चपला.

आण्णा उठले. सदऱ्याला लागलेलं गवत झटकलं. दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि संध्याकाळी शेतावर फेरी मारायला निघालेल्या माणसासारखे ते बांध ओलांडून चालू लागले. सरळ माळढोकाच्या रोखानं, बंदुकीच्या समोरून.

जीपमधला माणूस ओरडला, "ए बाबा! बाजूला हो!"

आण्णा चालत होते.

"ए म्हाताऱ्या! बहिरा आहेस काय?"

हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग हात न उचलता दाबून धरलेला. तो हॉर्न पार तळ्यापलीकडं बिरप्पाच्या मेंढरांनी ऐकला आणि ती पांगली. आण्णांनी मान वळवली नाही. सर माझ्यापुढं पळत होते आणि "यशवंतराव, थांबा! यशवंतराव!" असं ओरडत होते. काय उपयोग होता? बंदूकवाल्यानं नळी जरा उजवीकडं घेतली. आण्णांनी ते डोळ्याच्या कडेनं टिपलं असावं; जणू पायात काटा मोडला असावा तसं त्यांनी दोन पावलं तिकडंच टाकली.

माळढोकानं मान उंच केली. घाई न करता तो दहा-बारा पावलं चालला, मग पळाला, आणि त्याचे ते प्रचंड पंख उघडले. एवढा जड पक्षी उठेल असं वाटत नव्हतं. पण तो उठला आणि गवतावरून पूर्वेला, ज्वारीच्या रानांवरून लांब निघून गेला.

आम्ही पोचलो तेव्हा बंदूकवाल्यानं आण्णांचा दंड धरला होता आणि तोंडाला येईल ते बोलत होता. आण्णांनी कानाला हात लावला आणि अतिशय नम्रपणे, सगळ्या माळाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ऐकू येत न्हाय, सायेब! मागावर हाय मी गिरणीत! रस्ता चुकलाय व्हय? डांबरी सडक त्या अंगाला हाय!"

सरांना धाप लागली होती. ते तसेच जीपच्या समोर जाऊन उभे राहिले, पेन काढलं आणि वहीत नंबर लिहिला. मग तारीख लिहिली. मग घड्याळ बघून वेळ लिहिली. बंदूकवाल्याचा आवाज खाली आला. "आम्ही लाव्हे मारायला आलो होतो," तो म्हणाला.

"लाव्हे मारायलाही बंदी आहे की नाही, ते मी जंगलखात्याला विचारतो," सर म्हणाले. "तुमचं नाव सांगा, म्हणजे तेही लिहितो."

नाव कुणी सांगितलं नाही. जीप वळली आणि आल्या वाटेनं गेली.

धूळ खाली बसल्यावर आण्णा मला हातांनी म्हणाले, "लई घाण तोंड हाय त्याचं." त्या माणसाची शिवी अन् शिवी त्यांनी ओठांवरून वाचली होती.

मला रडू आलं. मी गिरणीच्या बोलीत बोलायचं विसरून ओरडले, "गोळी लागली असती म्हंजी?"

त्यांना ते कळलं. ते म्हणाले, "लागली असती तरी बार मला ऐकू आला नसता." मी हसत नाही असं बघून त्यांनी माझा हात धरला. "पाय लटलट कापत हुतं, शालन. म्हणून तर सावकाश चाललो."

सर बांधावर बसले. वही मिटत म्हणाले, "मला हे जमलं नसतं." मी ते आण्णांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं ते मला अजूनही कळत नाही. कदाचित सरांनी ते आमच्यासाठी म्हटलं नव्हतं.

ऊन उतरल्यावर माळ पुन्हा शांत झाला. सर तळ्याच्या पलीकडं बिरप्पाशी बोलायला गेले, जीप पूर्वी कधी आली होती का ते विचारायला. आम्ही दोघं गवतात बसलो होतो. समोर चिमणीएवढा एक काळ्या पोटाचा चंडोल हवेत चढत होता. उंच जायचा, पंख मिटून दगडासारखा खाली यायचा, जमिनीला लागता लागता पुन्हा वर उचलला जायचा. आण्णा म्हणाले, "ह्यो डोंबारी. असाच खेळत असतो दिवसभर. काय मिळतं त्येला कुणास ठावं."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खरंच तसंच समजत होते. तीन वर्षं ते हा पक्षी बघत होते आणि त्यांना माहीत नव्हतं.

मी हातांनी म्हटलं, "खेळत न्हाय, आण्णा. गातोय."

"गातोय?"

"वर जाताना बारीक बारीक. आणि खाली येताना लांब शीळ."

मग त्यांनी आपला उजवा तळवा उघडून माझ्यासमोर धरला. मागावर आडवा धागा नेणारे धोटे धरून धरून घट्टे पडलेला तळवा. "कसं, ते कर," म्हणाले.

डोंबारी वर चढायला लागला. मी त्याच्याकडे कान लावून त्यांच्या तळव्यावर बोटाच्या टोकानं टिचक्या मारत गेले, जशा ऐकू येतील तशा, भराभर. तो वर थांबला, मी थांबले. तो पंख मिटून खाली सुटला, आणि शीळ चालू असेपर्यंत मी बोट तळव्यावरून मनगटापर्यंत, मनगटावरून पार कोपरापर्यंत ओढत नेलं. आण्णांची नजर पक्ष्यावर होती. पक्षी गवताला लागला तेव्हा माझं बोट कोपराशी पोचलं होतं.

"एवढी लांब?"

"एवढी."

"आन् रोज?"

"रोज."

"परत कर," ते म्हणाले.

सर परत येईपर्यंत आम्ही तेच करत होतो. सर लांबच उभे राहिले. त्यांनी आम्हाला हाक मारली नाही.

दिवस मावळायला आला तेव्हा चारी दिशांनी भोवत्ये आले. लांब पंखांचे, बारीक अंगाचे शिकारी पक्षी. थंडीत हे उत्तरेकडून येतात आणि रात्री गवतात जमिनीवरच झोपतात, असं सरांनी सांगितलं. एक-एक करून ते गवतावर तरंगत यायचे आणि कुठंतरी टेकायचे. सरांनी सत्तेचाळीस मोजले, आण्णांनी त्रेपन्न. सरांनी वहीत त्रेपन्न लिहिले.

परतीच्या एसटीत गर्दी होती. आण्णांना मधल्या बाकावर जागा मिळाली. शेजारच्या माणसानं सहज विचारलं, कुठून आलात? आण्णांनी त्याच्या ओठांवरून ओळखलं आणि सांगायला सुरुवात केली. तळं, पखुर्ड्या, चुकलेला ससाणा, ताणा आणि बाणा, मग जीप, बंदूक आणि माळढोक. एवढ्या मोठ्यानं, की सगळी गाडी ऐकत होती. मी खूण करायला तळवा उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. मागच्या बाकावरची एक बाई म्हणाली, "आन् मग ढोक उडाला का?" मी आण्णांना प्रश्न सांगितला. आण्णा उठून उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून माळढोक कसा उडाला ते त्यांनी दाखवलं. कंडक्टरनं वाकून वाट काढली.

सरांनी जीपबद्दल अर्ज केला. त्याचं पुढं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. पण ती जीप बिरप्पाला पुन्हा दिसली नाही. पुढच्या वर्षी त्या माळाला सरकारी संरक्षण मिळालं. ते आमच्यामुळे मिळालं असं मी म्हणणार नाही. त्यासाठी कितीतरी माणसं झटत होती. सरांनी पक्ष्यांच्या एका इंग्रजी मासिकाला टिपण पाठवलं आणि ते छापून आलं, त्यात 'श्री. यशवंत तळेकर, गिरणी कामगार, यांचं निरीक्षण' अशा अर्थाचं एक वाक्य होतं. आण्णांनी ते पान डब्याच्या पिशवीत ठेवून महिनाभर मागखात्यात फिरवलं. तिथल्या कुणालाच इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण नाव कुठं आहे ते सगळ्यांनी बोट लावून बघितलं.

बी.एस्सी. झाल्यावर मला अकलूजला शाळेत नोकरी लागली. आण्णा पत्र लिहायचे. पहिल्याच पत्रात त्यांनी विचारलं होतं, तिकडे उसाच्या रानांवर ससाणे दिसतात का? मी लिहिलं, अजून दिसले नाहीत, कारखान्याच्या बाजूला घारीच फार आहेत. आठ दिवसांत त्यांचं कार्ड आलं. आईची तब्येत, गिरणीची पाळी, घरपट्टी, सगळं लिहून झाल्यावर खाली उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'घारीबी बघत जा. त्येंच्या शेपटीला मधी खाच असती, ती वळताना कशी हालती ते बघ आन् मला कळव.'